किडिकेची वाघळं

पेम्बा बेटावर उतरल्यापासून लवंगांचा वास पाठ सोडत नाही. चाके चाकेहून किडिकेला जाताना रस्त्याच्या कडेने चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या, नि गाडी त्यांना सांभाळत हळूहळू चाललेली. मी आलो होतो ते वाघळं बघायला. टांझानियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या या बेटाखेरीज वाघळांची ही जात जगात कुठेच नाही.

गावातल्या एका वयस्कर काकांनी रान दाखवलं. मान वर केली आणि बघतच राहिलो. फांद्याफांद्यांना शेकडो वाघळं उलटी टांगलेली. अंगावर नारिंगी लव, पंख काळे. उकाडा होता, म्हणून ती एकेक पंख हलवून वारा घेत होती. मोठ्या वाघळाचे पसरलेले पंख 1.6 मीटर भरतात. "पोपो," काका हळूच म्हणाले. स्वाहिलीत वाघळाला पोपो म्हणतात.

आपल्या वडापिंपळांवर लटकणारी मोठी वाघळं यांच्याच भावकीतली, टेरोपस प्रजातीतली. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मात्र या भावकीतलं एकही नाही. मला तर तिथे घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

लवंगांच्या बागांसाठी आणि शेतीसाठी इथलं जंगल तुटत गेलं. जी वाघळं उरली, त्यांची मांसासाठी शिकार व्हायची. 1989 मध्ये पाहणी झाली तेव्हा मोजकीच सापडली होती. मग गावोगाव निसर्ग मंडळं उभी राहिली, वाघळांच्या वस्तीची झाडं गावकऱ्यांनीच राखायला घेतली. त्यानंतर वीस वर्षांच्या आत संख्या 22,000 च्या वर गेली. काही वस्त्या तर जुन्या कबरस्तानांतल्या झाडांवर आहेत. तिथल्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, आपल्या देवराईत लावत नाहीत तसंच. ही वाघळं रात्रभर आंबा, फणसासारखी फळं खात हिंडतात आणि बिया दूरवर टाकत जातात, म्हणजे जंगलाची पेरणीही तीच करतात.

उडताना फोटो मिळावा म्हणून मी टाळी वाजवायला हात उचलला. काकांनी माझं मनगट धरलं. दिवसा ती झोपतात, पिल्लं पोटाशी असतात, हे त्यांनी हातवारे करूनच समजावलं. मला मनापासून ओशाळल्यासारखं झालं. कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आम्ही तिथेच बसलो.

परतताना मी विचारलं, लहानपणी तुम्ही खाल्लंय का? त्यांनी मान हलवली. हो, वडील आणायचे. मग थांबून वर बघितलं आणि बोटांनी मोजल्यासारखं करत हसले. आता ती मोजून संपत नाहीत.