अभ्यासाची गोळी

आज औषधाच्या दुकानात काउंटरवर पुन्हा तीच विचारणा: ‘झोप उडवणारी, अभ्यासाची गोळी आहे का?’ परीक्षा जवळ आल्या की हे वाढतं, म्हणून लिहितोय.

मागणी मुख्यतः दोन औषधांना. मिथाइलफेनिडेट एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आहे आणि ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. ‘मित्राला मिळाली’ हे कारण तिथे चालत नाही.

मोडाफिनिल नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण 12 ते 15 तास. दुपारी दोनला गोळी घेतली, तर मध्यरात्र उलटली तरी जवळपास निम्मं औषध अंगात असतं. झोप गेली, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच! वरून कॉफी ढोसली की धडधड, डोकेदुखी आणि जेवणावरची वासना उडणं.

बरं, हुशारी तरी वाढते का? 2023 मध्ये एका प्रयोगात 40 निरोगी लोकांना अशी औषधं देऊन अवघड कोडी घातली: ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवायच्या? वेळ जास्त गेला, खटपट वाढली, उत्तरांचा दर्जा मात्र घसरला.

मुलींना हे सहसा कुणी सांगत नाही: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ते बंद केल्यावरही महिनाभर. आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर मोडाफिनिल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.