त्रिफळ्याच्या गुळण्या आणि दातांवरचे दोन डाग

रावेर तालुक्यातील आमच्या गावात केळीचा माल भरण्याचे दिवस सुरू झाले की माझ्या चहाला मोजदाद राहत नाही. काट्यावर एक, ट्रकपाशी एक आणि व्यापारी आला की त्याच्यासोबत आणखी एक. गेल्या वर्षी दाढी करताना वरच्या दोन दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे डाग दिसले. दुखत काहीच नव्हते. दंतवैद्यांनी हवेच्या झोताने दात कोरडे केले तेव्हा ते डाग अधिकच उठून दिसू लागले. ही किडीची पहिली पायरी आहे, अजून खड्डा पडलेला नाही, त्यामुळे फ्लोराइडचा लेप आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी ती थोपवता येईल, असे त्यांनी सांगितले.

मी नको म्हणालो. पाण्यातील जादा फ्लोराइडने दात तपकिरी पडलेली माणसे पाहिलेली असल्यामुळे त्या नावाचीच मला धास्ती होती. त्याऐवजी हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांची भरड रात्री भिजवून, सकाळी पाणी निम्मे होईपर्यंत उकळून, गाळून कोमट काढ्याच्या गुळण्या करण्याचा आईचा उपाय मी तीन महिने नेमाने केला.

हिरड्यांतून येणारे रक्त पंधरा दिवसांत थांबले. (हिरड्याने हिरड्या सुधारल्या, असे मी घरी हसत सांगत असे.) डाग मात्र जागच्या जागी राहिले, उलट काढ्यातील तुरट द्रव्यांमुळे दातांवर तपकिरी झाक चढली.

दुसऱ्या भेटीत दंतवैद्यांनी माझ्या काढ्याला नावे ठेवली नाहीत. त्रिफळा जंतूंची संख्या आणि दातांवरचा चिकट थर कमी करतो, हे त्यांना मान्य होते. परंतु साखर खाऊन जंतू जे आम्ल तयार करतात, त्याने तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. ते लाळेतून पुन्हा बसवण्याच्या कामाला फ्लोराइड वेग देते, आणि त्यातून बनलेले कवच आम्लाला सहजी दाद देत नाही. ते काम माझ्या काढ्यात नव्हते. पाण्यामुळे दात तपकिरी पडतात ते लहानपणी, जबड्यात दात घडत असताना जादा फ्लोराइड पोटात गेल्याने. बेचाळिसाव्या वर्षी दातांवर लावलेल्या लेपाने तसे होत नाही, हेही त्यांनी समजावले.

तरीही मी आमच्या कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेतले. फ्लोराइड लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम आहे.

मग लेप लावून घेतला. पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा तो चिकट थर लाळेने घट्ट होतो, आणि त्या दिवशी ब्रश न करता मऊच खायला सांगितले होते. आता १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरतो, फेस थुंकून टाकतो, पण चूळ भरत नाही. काढ्याच्या गुळण्या ब्रशनंतर लगेच न करता दुपारी करतो. खरा त्रास चहाचा झाला: काट्यावरचा चहा बिनसाखरेचा मागितला की हमालसुद्धा तब्येतीची चौकशी करतात.

सहा महिन्यांनी एक डाग फिकट होऊन त्याच्यावर चकाकी आली आहे. दुसरा तसाच आहे, पण खरखरीत झालेला नाही. पुढचा लेप केळीचा हंगाम संपल्यावर आहे.