मोदकपात्रातला थाई भात

बँकॉकला खाल्लेला मँगो स्टिकी राइस आज घरी जमला! मागच्या वेळी आपला साधा तांदूळ वापरला होता, त्याचा गुरगुट्या भात झाला. हा चिकट तांदूळच वेगळा. त्यात अमायलोज (भात मोकळा ठेवणारं स्टार्च) जवळजवळ नसतंच. रात्रभर भिजवायचा आणि वाफवायचा, पाण्यात शिजवायचा नाही. मोदकपात्रात ओल्या फडक्यावर २५ मिनिटं ठेवला. गरम असतानाच साखर-मीठ घातलेलं नारळाचं दाट दूध ओतून झाकला. अर्ध्या तासात सगळं दूध प्यायला!

तिकडे नाम दोक माई आंबा असतो, मी हापूस घेतला. वरून खारट नारळदूध, कुरकुरीत मूगडाळ. (ते मीठ अजिबात वगळू नका.)

दुसऱ्यांदा वाढून घेताना आई म्हणाली, "हा तर आपल्या नारळीभाताचा भाऊच की गं!"