समजलं गं मावशी! भाच्याच्या दहावीच्या गणिताचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, शेवटी गणितात १०० पैकी ५७ आले. ९५ टक्केवाल्यांसाठी हे नाहीये. ज्यांच्या घरात सहामाहीचा पेपर दप्तराच्या तळाशी घडी करून लपवलेला सापडतो त्यांच्यासाठी लिहितेय.

आमच्याकडे तो दिवाळीच्या साफसफाईत सापडला. बीजगणित ४० पैकी ६, भूमिती ४० पैकी ८. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत होती की ओरडत होती तेच कळेना. आम्ही दोघी कोपरखैरणेतच राहतो, दोन बिल्डिंग सोडून, त्यामुळे पाच मिनिटांत पोचले. भाचा टीव्हीसमोर मान खाली घालून बसलेला. मी काही टीचर नाही हं, डिप्लोमा करून एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये टेस्टिंग करते, पण घरात गणिताशी अजून बोलणं चालू असलेली मी एकटीच, म्हणून माझ्यावर आलं.

पहिलं काम मी केलं ते हिशोबाचं. बोर्डात दोन पेपर ४०-४० चे आणि २० अंतर्गतचे, सगळं मिळून ३५ ला पास, हे ताईला माहीतच नव्हतं, तिला वाटायचं प्रत्येक पेपरात वेगळं पास व्हावं लागतं. अंतर्गतचे १७ धरले तरी ३१ होत होते. म्हणजे चार मार्कांचा प्रश्न होता, आभाळ नव्हतं कोसळलं. हे ऐकून पोराने पहिल्यांदा मान वर केली.

मग मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. रोज आठ ते साडेनऊ समजावून सांगत बसले. छान आकृत्या काढून, दोन रंगांची पेनं घेऊन. प्रत्येक गणितानंतर "समजलं?" विचारलं की "समजलं गं मावशी". दोन आठवड्यांनी शनिवारी त्यातलंच एक गणित आकडे बदलून दिलं तर पोरगं पंख्याकडे बघतंय. मला इतका राग आला, मग घरी जाताना लक्षात आलं की दोन आठवडे पेन माझ्याच हातात होतं, गणित सुधारलं ते माझं. आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच समजत होतं. समजणं आणि येणं यात अंतर आहे एवढंच, मला रोज किचनमध्ये रेसिपीचे व्हिडिओ बघून समजतं तसं.

क्लासची वही म्हणाल तर बघत राहावी अशी, लाल पेनाने अधोरेखित, चौकटीत उत्तर, सगळं फळ्यावरून उतरवलेलं. क्लासचं नाव घेत नाही, एका बॅचला साठ मुलं, फी मात्र वेळेवर. त्या वहीतलंच एक वर्गसमीकरण मी काढलं, एक्स वर्ग वजा ७ एक्स अधिक १२ बरोबर शून्य. म्हटलं, बघ एकदा नीट. बघितलंस? आता वही बंद कर आणि कर. सूत्र बरोब्बर लिहिलं त्याने, बी वर्ग वजा चार एसी म्हणजे ४९ वजा ४८, १ आला, तेही बरोबर. मग "वजा बी" लिहायचं होतं तिथे लिहिलं वजा ७. बी स्वतःच वजा ७ आहे, त्याचा वजा म्हणजे अधिक ७, हे गेलं हवेत. उत्तर आलं वजा ३ आणि वजा ४. मी चूक सांगितली नाही, जीभ चावून गप्प बसले, फक्त म्हटलं ताळा कर. ताळा म्हणजे? अरे, एक्सच्या जागी वजा ३ ठेवून बघ. ९ अधिक २१ अधिक १२, झाले ४२. "शून्य यायला पाहिजे होतं ना?" असं तोच म्हणाला, आणि मग स्वतः मागे मागे जात ती वजाची चूक पकडली. ३ आणि ४ आले, परत ताळा, शून्य. चेहरा असा की कोणीतरी हातचलाखी दाखवलीये. आपलं उत्तर बरोबर आहे का हे सरांना न विचारता कळू शकतं, हे त्याला सोळाव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं!

त्या दिवसापासून समजावणं अर्धा तास आणि बाकीचा वेळ बंद वही.

विसरण्याचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. एबिंगहाउस म्हणून एक जर्मन माणूस होऊन गेला, त्याने अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो हे स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये ते छापलं. सुरुवातीला भराभर विसरतो, मग वेग कमी होतो. थोडे थोडे दिवस सोडून परत आठवलं की टिकतं. आम्ही त्यासाठी कुठलं ॲप नाही घेतलं, ताईच्या किचनमधल्या भिंतीवरचं कॅलेंडर वापरलं. आज श्रेढी (सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांचा धडा) केली की उद्याच्या चौकोनात "श्रेढी", मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. दुधाच्या हिशोबाच्या खाली "अर्धा लि. जास्त, वर्गसमीकरण" असं दिसायचं. त्या दिवशी त्या धड्याची दोनच गणितं, न बघता. अडलं तर वही उघडायची पण आधी पाच मिनिटं अडून बसायचं. हे अडून बसणं त्याला अजिबात आवडायचं नाही आणि खरं काम तिथेच होत होतं असं माझं मत.

एक गोष्ट मला डिसेंबरपर्यंत दिसलीच नाही. हा सातवीपर्यंत मराठीतून शिकला आणि आठवीपासून सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. मी एकदा सहज म्हटलं कर्णाचा वर्ग, तर पटकन म्हणाला बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. मग हायपोटेन्यूज कुठली विचारलं तर बोट भलत्याच बाजूवर! सिमिलर आणि काँग्रुअंट तर अदलाबदल करूनच वापरायचा, समरूप आणि एकरूप म्हटलं की लगेच सांगायचा, एकाचा आकार सारखा आणि दुसऱ्याचं मापही सारखं. म्हणजे गणित येत नव्हतं असं नाही, शब्द येत नव्हते. मग आम्ही वहीच्या मागे तीसेक शब्दांची यादी केली, डावीकडे पुस्तकातला, उजवीकडे आपला. भूमितीत जी काही सुधारणा झाली त्यातली निम्मी त्या एका पानामुळे. सेमीवाल्या मुलांच्या आयांनो, हे आधी तपासा.

बाकीची निम्मी कंपासमुळे. हसू नका. त्याचं वर्तुळ जिथून सुरू झालं तिथे परत येऊन मिळायचंच नाही, दोन मिलिमीटर बाजूला. कंपासची खीळ सैल आणि पेन्सिल बोथट. रचनेचे हक्काचे मार्क जात होते आणि तो समजायचा आपल्याला रचना येत नाहीत. नवीन कंपास आणला, विषय संपला.

पाढ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, १३ च्या पुढे अंधार होता, मोबाईलने वाट लावलीये. २५ पर्यंतचे वर्ग मात्र पाठ करून घेतले, जेवताना विचारायचे.

जानेवारीत नवीनच भानगड. धड्याच्या खालची गणितं यायला लागली पण पेपर दिला की गोंधळ, कारण पेपरात वर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं ना. मग पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या केल्या, एकेकीवर एक गणित, आणि स्टीलच्या डब्यात सगळे धडे एकत्र. नियम असा की सोडवायचं नाही, फक्त हे कशातलं आहे आणि पहिली ओळ काय एवढं सांगायचं. रविवारी ठाण्याला आजीकडे जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीतसुद्धा डबा बरोबर. एक चिठ्ठी निघाली, तीन अंकी किती संख्यांना ७ ने भाग जातो? म्हणाला प्रोबॅबिलिटी. का रे? "किती" विचारलंय म्हणून. शेजारच्या काकू हसल्या. मग म्हटलं पहिली संख्या शोध. १०५. शेवटची? ९९४, घणसोलीपर्यंत वेळ लागला. पुढे ९९४ वजा १०५ भागिले ७ करून सांगितलं १२७. एक कमी. श्रेढीत हे अधिक १ तो दर वेळी विसरायचा आणि सूत्रातल्या एन वजा १ मधला १ पण (एन म्हणजे एकूण किती संख्या). मी सूत्र सांगणार होते, तेवढ्यात दाराच्या वरचा स्टेशनांचा नकाशा दिसला. कोपरखैरणे ते ठाणे गाडी किती वेळा धावते रे, म्हणजे मधले टप्पे किती? त्याने बोटांवर मोजले, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे, पाच. आणि स्टेशनं? आपलं धरून सहा. दोन सेकंद गप्प, मग "म्हणून एक जास्त!" एवढ्या जोरात ओरडला की काकूंनी परत बघितलं. १२८. त्यानंतर श्रेढीत तो १ कधी विसरला नाही.

फेब्रुवारीत फक्त पेपर. बोर्डासारखे सकाळी ११ ला, दोन तास, ताईचा मिक्सरसुद्धा बंद. पहिल्या पेपरात चार मार्कांच्या एका गणितावर पस्तीस मिनिटं घालवली आणि शेवटी सोपे एक-एक मार्कांचे राहिले. मग ठरलं, पहिला प्रश्न ८ मार्कांचा तो आधी उडवायचा, मग कृती, म्हणजे अर्धवट सोडवून दिलेल्या गणितातल्या रिकाम्या चौकटी, पूर्ण करायच्या, अडलं की पेन्सिलने फुली मारून पुढे, आणि पाचवा प्रश्न, तो तीन मार्कांचा डोकं खाणारा, वेळ उरला तरच. त्रिकोणमितीतली उंची-अंतराची गणितं शेवटपर्यंत बसली नाहीत, ती सरळ सोडून दिली. यावर ताईशी माझं भांडण झालं, पण पंधरा दिवसांत नवीन शिकवण्यापेक्षा आलेलं पक्कं करावं असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

बीजगणिताच्या पेपरला मी हाफ डे टाकला. ताई देवासमोर बसलेली, म्हणून शाळेच्या गेटवर मीच गेले. दीडशे आया, ऊन, उसाच्या रसाची गाडी. बाहेर आला तो घामाने डबडबलेला, पाचवा प्रश्न पूर्ण सोडलाय म्हणाला, एक संभाव्यतेचं पण चुकलंय बहुतेक. मी विचारलं वर्गसमीकरण आलं होतं का? रसाचा ग्लास हातात घेत म्हणाला, "आलं होतं ना. ताळा केला मावशी, शून्य आलं."