पांढुरकी चकती

निफाडजवळ एका द्राक्षबागेतल्या शेडच्या छतावर आमचं हवा तपासायचं मशीन बसवलं होतं. मिनिटाला 16.7 लिटर, म्हणजे दिवसाला 24 घनमीटर हवा ते ओढतं आणि बारीक कण टेफ्लॉनच्या गोल चकतीवर साठतात. कोऱ्या नि भरलेल्या चकतीच्या वजनातला फरक काढायचा, एवढंच आमचं काम.

डिसेंबरातली गोष्ट. चकती चिमट्यानं काट्यावर ठेवली आणि वाटलं, काटाच बिघडला. शून्य करून परत तोलली. हिशेब दिवसाच्या, घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच पुढं. पण दिसायला फिक्की! नाशिकरोडची चकती तव्याच्या बुडासारखी काळी येते; ही म्हणजे पीठ चाळल्यावरची चाळणी.

"पाचट पेटवलं असेल कुणी. तसं लिहा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले. निफाडात ऊस आहेच, संशय वावगा नव्हता. पण पाचट जळलं की काजळी आणि पोटॅशियम वाढतं. इथं चकतीच्या रासायनिक तपासणीत पोटॅशियम रोजच्याएवढंच, वर चढलेलं सल्फेट आणि अमोनियम. सल्फेटला रंग नसतो, म्हणून वजन होतं पण काळेपणा नव्हता.

मग एकलहरेचं औष्णिक वीज केंद्र? धूर म्हटलं की आम्ही नाशिककर तिकडंच बोट दाखवतो. पण ते निफाडच्या नैर्ऋत्येला आणि वारा ईशान्येचा. संगणकावर हवेची वाट उलटी काढली, तर रेघ जळगाववरून सातपुडा ओलांडून थेट मध्य प्रदेशातल्या निमाडात, खंडवा-खरगोनकडं. तिथं कोळशावरची वीज केंद्रं आहेत. सातपुड्याच्या अलीकडं, भुसावळजवळ आपलंही आहेच. रेघ कुठल्या एका धुराड्याचं नाव सांगत नाही, हे मी साहेबांना दोनदा बजावलं.

धुराड्यातून निघतो तो सल्फर डायऑक्साइड. राख पकडणाऱ्या यंत्रणेतून हा वायू निसटतो. मोठ्या केंद्रांची धुराडी 275 मीटर उंच, शेजारचं गाव वाचावं म्हणून. वायू वरच्या वाऱ्याला लागतो आणि वाटेत, धुक्यात तर झपाट्यानं, त्याचे कण बनतात. अमोनियाची भर आपल्याच युरिया नि शेणाची असणार. या वायूवर मर्यादा 2015 मध्येच आली होती. मुदती लांबत गेल्या आणि 2025 च्या जुलैत बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली.

फॉर्ममध्ये 'स्रोत' असा रकाना होता: वाहने, बांधकाम, कचरा, पाचट, इतर. मी 'इतर'वर खूण करून बाजूला 'जिल्ह्याबाहेरून' लिहिलं. साहेबांनी खूण ठेवली, शब्द खोडला. "तिकडं आपण नोटीस धाडणार आहोत का?" बरोबर होतं त्यांचं, म्हणून जास्तच राग आला.

संध्याकाळी बागवाल्या दादांचा फोन. "काय निघालं ओ साहेब?"

सांगितलं.

"म्हंजे पाचटाचं आमच्यावर नाही ना आलं?"

"नाही."

"मंग ठीक. उद्यापास्नं घडांना पेपर लावायचेत, बाया येतील. तुमची ती वायर शिडीला आडवी येती, तेवढी सरकवून जा."