वाबाशा स्ट्रीटच्या गुहा: भूत नाही, हप्ता भेटला

‘गुहा बघायला जाऊ’ म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेरूळ आलं असावं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराच्या मध्यभागातून वाबाशा स्ट्रीटचा पूल ओलांडून मिसिसिपीच्या दक्षिण काठावर उतरलो, तर कड्याच्या पायथ्याशी विटांचा दर्शनी भाग आणि त्यात दारं. “अरे, हे तर मंगल कार्यालय दिसतंय,” आई म्हणाली. तिचं फार चुकलं नव्हतं. आत खरंच लग्नाच्या पार्ट्या होतात.

आमची आत जायची तऱ्हा म्हणजे जुलैतल्या उकाड्यात हाफ पँट आणि सपाता. ही चूक तुम्ही करू नका. आत बाराही महिने साधारण 11 अंश सेल्सियस असतं. पहिली पाच मिनिटं एसीत आल्यासारखं बरं वाटतं, विसाव्या मिनिटाला दात वाजायला लागतात. आईने पर्समधून शाल काढली आणि माझ्याकडे फक्त बघितलं.

गुहा म्हणायचं, पण या नैसर्गिक नाहीत, खाणी आहेत. इथला वालुकाश्म इतका ठिसूळ की नखाने खरवडला तरी वाळू हातात येते. काचेसाठी वाळू हवी म्हणून एकोणिसाव्या शतकात हा कडा पोखरला. पुढे तोच अंधार आणि गारवा अळंबीच्या शेतीला उपयोगी पडला. अळंबी पिकवणाऱ्या लेहमन दांपत्याने 1933च्या ऑक्टोबरात इथेच ‘कॅसल रॉयल’ नावाचा झोकदार नाइटक्लब काढला. दोन महिन्यांच्या आत अमेरिकेतली दारूबंदी उठली. दारूबंदीचा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो व्होल्स्टेड याच मिनेसोटाचा खासदार, हा आणखी एक योगायोग.

पुढच्या दालनांना गिलावा, कमानी, दिवे आहेत. मागे जाल तसा उघडा खडक आणि पायाखाली भुसभुशीत, उंचसखल जमीन. सपाता नकोतच, बंद बूट घाला.

आता आतल्या दगडी शेकोटीची, म्हणजे फायरप्लेसची, गोष्ट. चौघे पत्ते खेळत बसले होते, गोळ्या सुटल्या, तिघे पडले. पोलीस आले, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि आवराआवर झाल्यावर बघतात तर ना मृतदेह, ना रक्त. ते तिघे मागच्या भिंतीतच पुरले आहेत म्हणे, आणि पनामा टोपीतला एक सद्गृहस्थ अजून भिंतीतून ये-जा करतो. शेकोटीच्या दगडातल्या खळग्यांना गोळ्यांच्या खुणा म्हणून दाखवतात. मी बोट घालून पाहिलं. आख्यायिका आहे, तशीच ऐकावी. तीसच्या दशकातला नामचीन बँक-लुटारू डिलिंजर इथे नाचायला यायचा हेही त्याच पंगतीतलं. दिवे मालवल्यावर मात्र मघापासून खिदळणारी पोरंटोरं गप्प झाली, हे कबूल करतो. मीही आईचा हात धरला. तिला अंधारात भीती वाटू नये म्हणून, अर्थातच.

मला खरा धक्का बसला तो शहराच्या इतिहासाने. 1900मध्ये जॉन ओकॉनर पोलीस प्रमुख झाला आणि त्याने बाहेरच्या गुन्हेगारांशी सरळ व्यवहार ठरवला: शहरात आलात की वर्दी द्या, पैसे मोजा आणि शहराच्या हद्दीत गुन्हा करू नका. बाकी कुठे काय करून आलात ते आम्ही विचारणार नाही. बँका लुटून आलेले लोक इथे सुट्टीवर आल्यासारखे राहायचे.

“म्हणजे हप्ताच की,” आई म्हणाली. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनी तिचा अर्थ मला विचारला. मी सांगितला. त्यांना शब्द आवडला.

या व्यवहारातला मोठा दलाल डॅन होगन. 1928च्या डिसेंबरात त्याच्याच मोटारीत बॉम्ब लावून त्याला उडवलं. मग हॅरी सॉयरने गादी चालवली, याच वाबाशा रस्त्यावर पण नदीच्या पलीकडे, ‘ग्रीन लँटर्न’ नावाच्या गुत्त्यातून. पण दारूबंदी संपत आली तशी कमाईही आटत गेली, आणि करार मोडला. 1933च्या जूनमध्ये बार्कर-कार्पिस टोळीने बिअर कारखान्याचा मालक विल्यम हॅम याला पळवून 1 लाख डॉलर घेतले. 1934च्या जानेवारीत बँकवाल्या एडवर्ड ब्रेमरला उचलून 2 लाख. दोघंही सेंट पॉलचेच. घरच्याच श्रीमंतांवर हात पडला तेव्हा कुठे शहराला जाग आली.

म्हणून माझा सल्ला: नुसत्या गुहा बघून परत फिरू नका. गुहांची फेरी जेमतेम पाऊण तासाची आहे. टोळ्यांच्या जागा दाखवणारी बसफेरीही इथूनच निघते, आणि गोष्टी सांगण्यात या लोकांचा हातखंडा आहे. बस नको असेल तर शहरातल्या राइस पार्कशेजारचं लँडमार्क सेंटर बघा. हे जुनं फेडरल कोर्ट. टोळीवाल्यांचे खटले इथे चालले. आत जायला पैसे नाहीत, आणि लाकडी कोर्टरूम इतक्या देखण्या की गुन्हेगारालाही आदब वाटली असेल. लेक्सिंग्टन पार्कवेवरचं लिंकन कोर्ट म्हणजे 31 मार्च 1934ला डिलिंजर पोलिसांवर गोळ्या झाडत निसटला ती इमारत. अजून उभी आहे, आणि आत लोक राहतात. रस्त्यावरून बघा, बेल वाजवू नका.

फेऱ्या रोज असतातच असं नाही, आणि लग्न-समारंभ असला की वेळा बदलतात. तिकिटाचं आणि वेळेचं आधी बघूनच निघा. ऑक्टोबरात भुतांच्या फेऱ्यांना झुंबड असते. लहान मुलं असतील तर दिवसाची साधी फेरी पुरे. गुडघेदुखीवाल्यांनी मागच्या भागात जपून चाला. आईने माझा दंड घट्ट धरला होता, या वेळी खरंच तिच्यासाठी.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. या कड्यात आणखी कितीतरी बंद केलेल्या गुहा आहेत आणि आपल्या पोरांना ‘खरी भुताटकी’ शोधायची खुमखुमी येते. 2004मध्ये अशाच एका गुहेत शिरलेली तीन शाळकरी मुलं कार्बन मोनॉक्साइडने गेली. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. तिकीट काढून जिथे दिवे लावलेत तिथेच जा.

गुरुवारी संध्याकाळी इथे बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद) वाजतो आणि जुन्या पद्धतीचा स्विंग नाच चालतो, असं दारावरच्या मुलीने सांगितलं. आईने लगेच विचारलं, पुढचा गुरुवार कितीला येतो.