बाराशेला हात लावू नका

रेकॉर्डप्लेअर पारखायचा म्हणजे त्यावर गाणं लावून ऐकायचं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरा शौकीन आधी तो दोन्ही हातांनी उचलून बघतो. मग बोटाच्या पेराने कडेला टकटक करतो. आवाज भरीव आला की मान डोलते, पोकळ आला की चेहरा पडतो. गाण्याचा नंबर त्यानंतर, चहा झाल्यावर.

टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ या परीक्षेत वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. वजन साडेबारा किलो. वर ओतीव ॲल्युमिनियम, खाली जाडजूड रबर. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या, कडेला ठिपक्यांच्या चार ओळी. लाल दिव्याच्या उजेडात त्यातली मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी थांबलेली दिसली, की समजायचं वेग बरोबर आहे. आमच्या मंडळात याला नुसतं ‘बाराशे’ म्हणतात. ज्याच्याकडे आहे तो ते इतरांना फारसं हाताळू देत नाही.

तर या बाराशेचं उत्पादन टेक्निक्सची मालक कंपनी पॅनासोनिकने २०१० साली थांबवलं. तोवर सगळ्या आवृत्त्या धरून सुमारे ३५ लाख यंत्रं विकली गेली होती. जगभरचे डीजे हळहळले, सह्यांची निवेदनं निघाली, वापरलेल्या मशीनचे भाव चढले. आणि २०१६ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात कंपनीने ते परत आणलं. आता आनंदीआनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भांडण झालं. (त्याच वर्षी, दोनेक महिन्यांत, मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस १९४८ पासूनचं शटर कायमचं ओढून मोकळं झालं. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र परत आलं आणि रेकॉर्ड मिळायचं दुकान गेलं. हे आपलं जाता जाता.)

भांडणाचं पहिलं कारण किंमत. जुनं बाराशे काहीशे डॉलरना मिळायचं. नवं १२००जी चार हजार डॉलरचं. दिसायला थेट तेच. सुई धरणारा तोच इंग्रजी एस आकाराचा आर्म, तेच ठिपके, कोपऱ्यातलं तेच गोल बटण, वेग कमी-जास्त करायचा तोच उभा स्लायडर. आतलं मात्र जवळपास सगळं नवं. जुने साचे झिजले होते, त्यामुळे ते नव्याने करावे लागले, असं कंपनीचं म्हणणं. मोटरमधला लोखंडी गाभा काढून टाकला, कारण त्यामुळे फिरताना बारीक, जवळजवळ न जाणवणारे हिसके बसतात. प्लॅटरवर पितळेचा थर चढला, आर्मची नळी मॅग्नेशियमची झाली आणि एकूण वजन गेलं अठरा किलोवर. उचलून बघणाऱ्यांची सोय झाली.

डीजे म्हणाले, आमचं कामाचं हत्यार काढून घेतलंत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलंत. दिवाणखान्यातले श्रीमंत म्हणाले, डिस्कोतल्या यंत्राला चार हजार डॉलर कोण देणार? या दुसऱ्या गटाचं बाराशेशी पहिल्यापासून पटत नव्हतंच. त्यांची श्रद्धा पट्ट्यावर. मोटर बाजूला, प्लॅटर वेगळा, मध्ये रबरी पट्टा, म्हणजे मोटरची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. बाराशेत मोटर थेट प्लॅटरच्या पोटात. पण डीजेला हवी होती नेमकी तीच गोष्ट. रेकॉर्ड बोटाने अडवून सोडली की पट्टा रेंगाळतो. बाराशे थांबलेलं असलं तरी ०.७ सेकंदात पूर्ण वेग पकडतं.

या सगळ्या कालव्यात ‘मूळ बाराशे’ हा शब्द प्रत्येक जण छातीवर हात ठेवून उच्चारतो, तेव्हा मला गंमत वाटते. खरं मूळ बाराशे आलं १९७२ साली, आणि ते घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी होतं. त्यात स्लायडर नव्हता. वेग कमी-जास्त करायला दोन इवल्या चकत्या होत्या, बोटाच्या टोकाने फिरवायच्या. वेग पक्का धरून ठेवणारं क्वार्ट्झचं नियंत्रणही नव्हतं. क्लबवाल्यांनी ते उचललं, वाट्टेल तसं वापरलं, आणि मग १९७९ साली कंपनीने एमके२ काढलं: लांब स्लायडर, क्वार्ट्झ, आणि स्पीकरच्या धडधडीने सुई हलू नये म्हणून जड बूड. म्हणजे ज्या मूळ रूपाला हात लावू नका म्हणून लोक रस्ता अडवून बसले आहेत, ते मुळात एक फेरफारच. नाट्यपदांचंही आपल्याकडे असंच होतं. मूळ चाल बिघडवली म्हणून नव्या गायकावर तुटून पडणाऱ्याने स्वतः ऐकलेली असते ती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या गायकाची रेकॉर्ड.

मला या प्रकरणातला सगळ्यात आवडता तपशील आहे तो स्लायडरच्या टिकचा. एमके२ चा स्लायडर बरोबर मधोमध, शून्यावर आला की बोटाला एक हलकी टिक लागते. डोळे मिटूनही कळतं, की आता वेग नेमका. डीजेंची त्यावर जुनी तक्रार होती. दोन गाण्यांचे ठेके जुळवताना कधीकधी शून्याच्या अगदी शेजारी, एखाद्या टक्क्याच्या चतुर्थांशावर थांबावं लागतं, आणि स्लायडर आपला घसरून टिकमध्ये जाऊन बसतो. पुढच्या काही आवृत्त्यांत कंपनीने टिक काढली आणि शून्यावर परत यायला एक छोटं बटण दिलं. नव्या बाराशेतही टिक नाही. यावर आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांनी आयुष्यात कधी दोन ठेके जुळवले नाहीत आणि ज्यांचा स्लायडर खरेदीच्या दिवसापासून शून्यावरून हललेला नाही, सांगितलं, “अहो, ती टिक गेली म्हणजे गेलंच की सगळं.”

२०१९ साली कंपनीने डीजेंसाठी वेगळं, स्वस्त एमके७ काढलं. मग यात काय वाईट, ते शोधणं आलं. हे मलेशियात बनतं. वजन भरलं ९.६ किलो, टकटक करणाऱ्यांनी मान हलवली. प्लॅटर काढला की खाली बारीक खटके आहेत, त्यातून रेकॉर्ड उलटी फिरवता येते आणि ठिपक्यांवरचा लाल दिवा निळा करता येतो. निळा! उलटी फिरवण्याबद्दल फारसं कुणाला काही वाटलं नाही, पण निळ्या दिव्याने माणसं दुखावली.

स्कॉटलंडच्या लिन कंपनीने हा त्रास हुशारीने टाळला आहे. त्यांचं एलपी१२ ही बाराशेच्याच वयाचं, पण त्यांनी नवं मॉडेल म्हणून कधी काढलंच नाही. आज बेअरिंग, उद्या वीजपुरवठा, परवा खालची चौकट, असं एकेक सुटं बदलत राहिले, आणि जुन्या मालकाला तेच बदल जुन्या यंत्रात बसवून मिळाले. पन्नाशीनिमित्त २०२३ साली मात्र त्यांनी पूर्वी ॲपलचा डिझायनर असलेल्या जॉनी आइव्हच्या स्टुडिओला हाताशी धरून खास आवृत्ती काढली. अडीचशे नग, किंमत पन्नास हजार पौंड, आपल्या हिशेबाने अर्ध्या कोटीच्या घरात. लाकडी चौकटीचे कोपरे थोडे गोल झाले, बटण बदललं, झाकणाच्या बिजागऱ्या बदलल्या. कोपऱ्यांच्या गोलाईवर माणसं किती बोलू शकतात हे तेव्हा समजलं.

आपल्याकडे नव्या बाराशेचं खरं कौतुक व्हायला हवं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यात ७८ चा, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, वेग आहे. एमके२ मध्ये ३३ आणि ४५ एवढंच होतं, त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेतल्या लाखेच्या रेकॉर्डी, म्हणजे जुनी नाटकाची पदं, तीन-तीन मिनिटांचे ख्याल, हे सगळं त्याच्या आवाक्याबाहेर. आता लावता येतं. फक्त सुई बदलायची. ७८ च्या खाचेला एलपीच्या सुमारे चौपट जाड टोक लागतं. त्याची सोयही आहे, कारण आर्मचं डोकं फिरवून काढता येतं, आणि ते बाराशेत पूर्वीपासून तसंच आहे.

आणि तो स्लायडर! ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात रेकॉर्डिंग नेहमी नेमक्या ७८ वर व्हायचंच असं नाही. सत्तरपासून ऐंशीपर्यंत काहीही असायचं. मग रेकॉर्ड ७८ वर लावली की गायकाचा स्वर वर चढतो किंवा खाली बसतो. वेगात ६ टक्के फरक म्हणजे साधारण अर्धा स्वर, पेटीवरची शेजारची पट्टी: काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. डीजेंनी ठेके जुळवायला वापरलेला स्लायडर आपल्याला षड्ज जुळवायला मिळाला आहे, आणि तो नव्या यंत्रात १६ टक्क्यांपर्यंत जातो.

हा प्रयोग आमच्याकडे झाला. जुन्या काळच्या एका गवई बुवांची रेकॉर्ड लावली. एकाने पेटी धरली, दुसऱ्याने स्लायडर. स्वर हळूहळू खाली आणला, पेटीला मिळाला, आणि बुवांचा आवाज एकदम मोठ्या माणसाचा झाला. सगळे खूश. तेवढ्यात पेटीवाल्याने विचारलं, पण बुवा काळी एकमध्येच गायचे कशावरून? पांढरी एक असेल. मग मोटर, वजन, पितळ, टिक, सगळं बाजूला राहिलं आणि दोन तट पडले. पुढच्या वेळी पांढरी एकवाले त्यांची स्वतःची पेटी घेऊन येणार आहेत, कारण आमची पेटी म्हणे मुळातच चढी आहे.